डावीकडचं मागचं चाक

जेवण अंगावर आलंय. नको नको म्हणत असताना अक्कानं तिसरी पुरणपोळी ताटात टाकली, वर तुपाची धार धरली, आणि आता मी सोप्यात सतरंजीवर आडवा झालोय. दुपारचे अडीच-तीन वाजले असतील. आत बायका भांडी घासतायत. पातेल्याचा आवाज जवळ येतो, लांब जातो, परत जवळ येतो. पंखा फिरतोय, पण वारा माझ्यापर्यंत पोचत नाही. डोळे मिटलेत का उघडे आहेत, हेच कळेनासं झालंय.

आज दाजींचं वर्षश्राद्ध. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, रावसाहेब कणसे. एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते आणि बत्तीस वर्षांत त्यांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळालेला. तो बिल्ला दिवाळीला सदऱ्यावर लावून गावभर फिरायचे. सकाळी पत्र्यावर त्यांच्या नावानं घास ठेवला तर कावळा लगेच आला. सगळे म्हणाले, बघा, माणसाचं काही मागं राहिलेलं नाही. मीही मान हलवली. खरं सांगतो, मला वाटलं होतं कावळा येणारच नाही. त्यानं यायला नको होतं.

खड खड खड.

परसातनं आवाज येतोय. रंगाच्या स्प्रेचा डबा हलवला की आतली गोळी अशी वाजते. आजच्या दिवशी कुणाला रंगवायचं सुचलं, असं मनात येतं आणि मी बघायला उठतो. उठल्यासारखं वाटत नाही, पण चालायला लागलोय. स्वयंपाकघरातनं जाताना अक्का, तिची सून अश्विनी, शेजारच्या बायका कुणीच माझ्याकडे बघत नाहीत.

परसात शेवग्याखाली दाजी बसलेत. खाकी पँट, बनियन, डोक्याला रुमाल. पालथ्या घमेल्यावर गाडीचं चाक आडवं ठेवलंय आणि दाजी पाण्यात बुडवलेल्या पॉलिश पेपरनं त्याचा गंज घासतायत.

"आला का मेव्हणं," दाजी मान वर न करता म्हणतात. "बसा. हात लावा जरा."

"दाजी, जेवलात?" मी विचारतो. मेलेल्या माणसाला काय विचारावं याची काही पद्धत नसावी, माझ्या तोंडातनं हेच जातं.

"जेवलो की. आमटी तिखट केलीया तुझ्या अक्कानं."

बरं वाटतं मला. म्हणजे घास पोचला. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसतो. गुडघा दुखत नाही.

दर नवरात्रात आम्ही दोघं हेच करायचो. दाजींची पांढरी गाडी अठरा वर्षांची, पत्रा जागोजागी उडालेला, पण चाकं दर वर्षी खंडेनवमीच्या आत घरी रंगवायची म्हणजे रंगवायची. "म्हातारं झालं तरी माणसानं पायातला जोडा चांगला घालावा," असं त्यांचं म्हणणं. गॅरेजला द्यायला तयार नसायचे. चाक काढायचं, रॉकेलनं पुसायचं, तारेच्या ब्रशनं घासायचं, पेपर मारायचा. मग टायरला रंग लागू नये म्हणून टायर आणि पत्र्याच्या मधल्या फटीत जुन्या लग्नपत्रिका खोचायच्या, एकाला एक लागून, गोल. वर्षभराच्या पत्रिका त्यासाठी अक्का ठेवून द्यायची. हे काम माझं. रंग मारायचं काम दाजींचं. आधी लाल प्रायमर, मग चंदेरी रंगाचे तीन पातळ हात.

"नट बसतो तितं रंग जाऊ द्यायचा न्हाई," दाजी आताही बजावतात. भोकांत कागदाचे बोळे कोंबतायत. "रंग मागनं दबतो आन् नट ढिला हुतो. काय?"

"व्हय दाजी."

"दरसाल सांगतोय."

"व्हय."

ते डबा हलवतात. खड खड. मी पत्रिका खोचतोय. एकीवर गणपती, एकीवर नवरानवरीची नावं. ऊन आहे पण झाडाची सावली जमिनीवर पडलेली नाही.

"जालिंदर," दाजी एकदम म्हणतात, "त्या दिशी डावीकडचं मागचं चाक कुणी आवळलं रं?"

माझा हात थांबतो.

आता तुम्हाला सांगायलाच पाहिजे. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. खंडेनवमीच्या सकाळी चारही चाकं रंगवून, वाळवून तयार होती. तीन दाजींनी स्वतः बसवून आवळली. चौथं, डावीकडचं मागचं, हातात घेतलं आणि आतनं अक्का ओरडली, "आधी आंघोळ करा, पूजेची वेळ टळायला लागली." दाजी मला म्हणाले, "तेवढे चार नट आवळ," आणि न्हाणीत गेले. मी चाक चढवलं, नट हातानं फिरवून बसवले, जॅक उतरवला, आणि पाना घ्यायला वळलो तर पाना जागेवर नाही! अक्कानं घरातली सगळी हत्यारं गोळा करून देवापुढं पाटावर मांडलेली. विळी, कोयता, खुरपं, पक्कड आणि मधोमध आमचा चाकाचा पाना. हळदकुंकू लागलेलं, वर झेंडूचं फूल. कणशांच्या घरची रीत अशी, की खंडेनवमीला हत्यार एकदा पाटावर बसलं की दसऱ्याला सीमोल्लंघन करून येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. भाजीसुद्धा त्या दिवशी हातानं मोडून करतात.

आता मला सांगा, अक्काला म्हणायला काय झालं होतं, की दोन मिनिटं पाना दे, एक चाक राहिलंय? ओरडली असती. ओरडू दे की! पण ती ओल्या केसांनी आरती म्हणत होती आणि मी तिला लहानपणापासून भितो. म्हटलं, सीमोल्लंघनाला जायचं ते देवीच्या माळापर्यंत, सहा किलोमीटर. तेवढं जाईल. आल्यावर आवळू. तेवढ्यात न्हाणीतनं दाजींनी विचारलं, "आवळलंस का रं?"

मी म्हणालो, "झालं, दाजी."

हे 'झालं' माझ्या तोंडात कायम तयार असतं. हायस्कुलात प्रयोगशाळेत तीस वर्षं नोकरी केली, साहेबांनी काही विचारलं की आधी 'झालं' म्हणायचं आणि मग करायला घ्यायचं. अक्का म्हणायचीच, जालिंदराचं झालं म्हणजे अजून सुरू व्हायचंय. घरात त्याची चेष्टा चालायची, मीही हसायचो. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन मी सासुरवाडीला गेलो आणि ते चाक माझ्या डोक्यातनं पार गेलं. शपथेवर सांगतो, पार गेलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी दाजी सगळ्यांना घेऊन माळावरून परत येत होते. अक्का, सून अश्विनी, मांडीवर अडीच वर्षांची ओवी. कालव्याच्या उतारावर मागचं चाक निखळलं. चकचकीत चंदेरी चाक गाडीच्या पुढं पळत गेलं आणि उसात शिरलं, असं अक्कानंच मला सांगितलं. गाडी फरफटत बांधाला जाऊन धडकली. अश्विनीचा हात दोन ठिकाणी मोडला. ओवीला भुवईवर पाच टाके पडले. जीव वाचले, ही त्या देवीची कृपा. त्यात माझं काही नाही.

"कुणी आवळलं रं?" दाजी परत विचारतात.

आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलोय. शेवगा नाही, परस नाही. हिरव्या रंगाची भिंत, फिनेलचा वास. आमच्या दोघांच्या मध्ये बाकावर चाक बसवलंय, उभं, पेशंटासारखं. त्याच्या कडेनं पत्रिका अजून खोचलेल्याच आहेत. त्या दिवशी संध्याकाळी मी सासुरवाडीहून धावत आलो तेव्हा दाजी याच बाकावर बसले होते, कपाळावर टेंगूळ, सदऱ्याची बाही फाटलेली. भाचा विक्रम समोर उभा होता. "बाबा, नट आवळायचे विसरलात तुम्ही! पोरगी गेली असती माझी!" असं तो सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं बोलला आणि आत गेला. मग दाजी माझ्याकडे वळले होते.

आताही वळतात. तोच चेहरा. "मला वाटतंय, मी तुला सांगितलं हुतं. का मी आवळलं? मला नीट आठवंना झालंय, जालिंदर. तू तरी सांग."

मला माहीत आहे आता काय होणार. दात आवळून धरतो. मनात म्हणतो, या वेळी नाही बोलायचं, या वेळी खरं सांगायचं. पण माझं तोंड माझ्याआधी चालू होतं.

"दाजी, तुम्हीच म्हणालात की, राहू दे, मी आंघोळ करून येऊन आवळतो. विसरलात का?"

"असं म्हणालो व्हय मी?"

"म्हणालात."

दाजी मान खाली घालतात. आपल्या तळहाताकडे बघतात. "मग गेलं डोकं," ते हळूच म्हणतात. "गेलं म्हणायचं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती मी अशी दिली. कोर्टकचेरी नाही, काही नाही, एका वाक्यात. आणि वर त्यांच्या पाठीवरनं हात फिरवला, 'वयानं होतंय, दाजी' असंही म्हणालो. म्हणालो मी. माझ्या या तोंडानं म्हणालो.

"त्या पत्रिका काढ आता," दाजी म्हणतात. "रंग वाळला."

मी फटीतनं एकेक कागद ओढून काढतो. पत्रिका नाहीत त्या. वहीची फाडलेली पानं आहेत, घडी घातलेली, आणि त्यांवर अक्काचं मोठं मोठं अक्षर. 'गॅस बंद केला का.' 'नळ बंद केला का.' 'गोळी घेतली का, सकाळची.' 'दाराला कडी.' ओढतोय तेवढ्या येतायत. एवढ्याशा चाकात एवढ्या चिठ्ठ्या कशा मावल्या? माझ्या मांडीवर ढीग झालाय.

या चिठ्ठ्या खऱ्या आहेत. दवाखान्यातून घरी आल्यावर विक्रमनं गाडीची किल्ली काढून घेतली आणि त्यानंतर घरात सगळ्यांनी दाजींना सांभाळायला सुरुवात केली. भिंतीवर, फळीवर, न्हाणीच्या दारावर अक्का चिठ्ठ्या लावायची. मी भेटायला आलो की दाजी गॅसच्या बटणाशी उभे असायचे. बंद करायचे, दोन पावलं जायचे, परत येऊन बघायचे. ज्या माणसानं घाटात, धुक्यात, पन्नास माणसं मागं झोपलेली असताना गाडी नेली, तो माणूस दाराला कडी घातली का म्हणून तीनदा अंगणातनं परत यायचा. बिल्ला त्यांनी ट्रंकेत टाकला. मी चहा प्यायचो आणि निघायचो. दोन वर्षं हेच चाललं. दर वेळी वाटायचं, आज सांगू, आणि दर वेळी बिस्किट बुडवून खात बसायचो. मग गेल्या वर्षी एका सकाळी ते झोपेतनं उठलेच नाहीत. आणि मला काय वाटलं असेल? मला सुटल्यासारखं वाटलं. थू माझ्या जिनगानीवर.

"पुढचे या," कुणीतरी हाक मारतं.

आत डॉक्टर बसलेत. विक्रमनं दाजींना मिरजेच्या डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं होतं, मीही सोबत होतो. पण आता खुर्चीत मला बसवलंय आणि दाजी मागं उभे आहेत, माझे नातेवाईक असल्यासारखे. डॉक्टरांच्या टेबलावर रंगाचा डबा आहे.

"आज वार कोणता?" डॉक्टर विचारतात.

मला वार आठवत नाही.

"महिना?"

"अश्विन," मागनं दाजी कुजबुजतात.

"शंभरातनं सात वजा करत जा."

"त्र्याण्णव," दाजी माझ्या कानात. "शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट." धाडधाड सांगतायत. त्या दिवशीही त्यांनी असंच सांगितलं होतं, एकही चुकले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, आज्जोबा तर माझ्यापेक्षा हुशार आहेत. विक्रम म्हणाला, पण साहेब, चाकाचे नट विसरले, नातीला पाच टाके पडले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. हे घरचेच का? मी म्हणालो, हो, मी तिथंच होतो, विसरले खरे. मग डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

"यांना गोळी द्यावी लागेल," डॉक्टर आता माझ्याकडे बोट करून दाजींना सांगतायत.

"नको, नको," दाजी म्हणतात. "गुणी हाय. जरा भितंय."

मला रडू येतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी खुर्चीतनं उठतो आणि दार उघडून बाहेर येतो.

बाहेर अंगण आहे. अक्काच्या दारापुढचं, शेणानं सारवलेलं, रांगोळी घातलेलं. दाराला आंब्याचं तोरण. पांढरी गाडी उभी आहे, बॉनेटवर स्वस्तिक, पुढं झेंडूची माळ, चारही चाकं नव्या ताटासारखी चकचकतायत. दसरा आहे. मला गाडीचं दार लागल्याचा आवाज येतो. मागच्या सीटवर अश्विनी बसतेय, मांडीवर ओवी, नव्या फ्रॉकमधली. ओवीच्या भुवईवर खूण नाही. कपाळ नितळ आहे. ती मला हात हलवते.

"दाजी," मी म्हणतो, "कुठं निघालात?"

"माळाला. सीमोल्लंघनाला. चलतोस का?" दाजी ड्रायव्हरच्या सीटवर बसलेत, सदऱ्यावर बिल्ला लावलाय. त्यांचा चेहरा इतका खुशीत आहे की मला बघवत नाही.

"पाना कुठाय, दाजी?"

"पाटावर. हात लावायचा न्हाई आज."

मी आत पळतो. पाट आहे, पाना आहे, पण पाना उचलत नाही. मी दोन्ही हातांनी ओढतोय. कुंकू माझ्या हाताला लागत नाही, पाना पाटाला चिकटून बसलाय, पाट जमिनीला. शेजारी अक्का आरती म्हणतेय, डोळे मिटून. "अक्का, पाना दे गं, एक चाक राहिलंय!" मी ओरडतो. पण तोंडातनं शब्द निघत नाहीत, नुसती वाफ. अक्का डोळे उघडत नाही. बाहेर इंजिन सुरू होतं.

मी परत अंगणात येतो. गाडी हललीय. डावीकडचं मागचं चाक फिरतंय आणि त्याचे चारही नट मला दिसतायत, एकेक सैल. दाजी काचेतनं डोकं बाहेर काढून नेहमीसारखं विचारतात, "आवळलंस का रं?"

जिभेवर ते आहेच. झालं, दाजी. इतकं सोपं आहे ते. गाडी फाटकापाशी पोचलीय. ओवी अजून हात हलवतेय.

"न्हाई!" मी ओरडतो. कुठनं आवाज आला कुणास ठाऊक, पण आला. "न्हाई आवळलं! दाजी, थांबवा! मी न्हाई आवळलं! तुम्ही मला सांगितलं होतं, मीच न्हाई आवळलं! तुम्ही काय विसरला नव्हता! मी खोटं बोललो, दाजी, मी खोटं बोललो!"

गाडी थांबते. दाजी गिअर काढतात, ब्रेक ओढतात, किल्ली फिरवतात. सगळं सावकाश, पद्धतशीर. उतरतात आणि माझ्यापुढं येऊन उभे राहतात. मी डोळे मिटून घेतो, आता थोबाडीत बसणार म्हणून.

"म्हंजे मी इसरलो न्हवतो?"

"न्हाई, दाजी."

"मी तुला सांगितलं हुतं, आवळ म्हणून?"

"सांगितलं होतं."

"म्हंजे डोकं माझं जाग्यावर हुतं?"

"होतं. शेवटपर्यंत होतं."

"पक्कं?"

"पक्कं, दाजी."

आणि दाजी हसायला लागतात! मांडीवर थाप मारून हसतात. डोळ्यांतनं पाणी यायला लागतं त्यांच्या. "आरं तिच्या! मी म्हणतोय की रं, बत्तीस वर्षांत कधी न्हाई आन् आत्ताच कसं? आगं, ऐकलंस का?" ते घराकडं तोंड करून अक्काला हाक मारतायत. "आगं भाईर ये, मी इसरलो न्हवतो! माझं डोकं जाग्यावर हुतं गं!" मी कधी इतका आनंद बघितला नाही माणसाला झालेला. लग्नातसुद्धा नाही. माझ्यावर रागावायचंही भान नाही त्यांना.

मग हसू हळूहळू कमी होतं. ते रुमालानं तोंड पुसतात. माझ्याकडे बघतात. चेहरा शांत आहे, रागाचा नाही, खरंच विचारायचं म्हणून विचारतायत.

"मग दोन वर्सं तू काय करत हुतास रं?"

चहा पीत होतो, दाजी. बिस्किट खात होतो. हे कसं सांगायचं? मी त्यांचा हात धरायला जातो. माझ्या हाताला सतरंजी लागते.

सोपा. पंखा. भांड्यांचा आवाज थांबलाय. छपराच्या काचेतनं येणारं ऊन मघाशी माझ्या पायाशी होतं ते भिंतीवर चढलंय. मान अवघडलीय, तोंडाला कोरड पडलीय, गाल ओले आहेत. स्वप्न पडलं होतं, मी स्वतःला सांगतो. नुसतं स्वप्न.

पायाशी कुणीतरी बसलंय. अक्का. भिंतीला टेकून, पाय पसरून, हातात कप. माझ्यासाठी चहा घेऊन आली असणार. मी कपाकडे बघतो. चहावर साय धरलीय. जाड, सुरकुतलेली, कडेला कपाला चिकटलेली. कपातनं वाफ येत नाही. अशी साय धरायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे.

"कुणी न्हाई आवळलं?" अक्का विचारते.

मी बसता होत नाही. पडल्या पडल्याच तिच्याकडे बघतो. स्वप्न होतं गं, जेवण जड झालं, असं म्हटलं की संपलं. तिलाही तेच ऐकायचं असेल, असं क्षणभर वाटतं. आज त्यांचा दिवस, घरात पाव्हणे, कशाला उगाच. जीभ तयारच असते माझी.

"मी," मी म्हणतो. "डावीकडचं मागचं. पाना तू पाटावर ठेवला होतास. मला मागायची भीती वाटली. दाजींना मी झालं म्हणून सांगितलं आणि नंतर म्हणालो, तुम्हीच विसरलात."

अक्का कपाकडे बघतेय. मला वाटतं, आता चहा अंगावर फेकणार. फेकावा.

"गेले त्याच्या आदल्या दिवशी," ती म्हणते, अगदी साध्या आवाजात, "मला म्हणाले, गिझरचं बटण बंद केलंय, तू जाऊन बघू नको. मी म्हणाले, तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार. आणि जाऊन बघून आले. त्यांच्यासमोर." ती थांबते. "बंदच हुतं रं ते."

मी उठून बसतो. तिच्या पायाला हात लावायला जातो, ती पाय जवळ ओढून घेते.

कप खाली फरशीवर ठेवते, माझ्यापुढं, बशी नाही, काही नाही. गुडघ्यावर हात देऊन उठते. पदरानं तोंड पुसते, केस सारखे करते. मग आतल्या दाराकडं तोंड करते.

"विक्रम! ये रं भाईर. अश्विनी, तू बी ये, ओवीला घेऊन. मामाला कायतरी सांगायचंय तुम्हाला."

आत खुर्ची सरकते. कुणीतरी विचारतं, काय झालं. अक्का माझ्याकडं वळते. एवढ्या वेळात पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघते.

"मोठ्यानं सांग," ती म्हणते. "झोपेत ओरडलास तसं."